शब्द कीं खूण? : पायथन भाषेंतील एक प्रश्न

जुन्या काळीं तारखात्यांत अभिनंदनाच्या तारांसाठीं ठराविक मजकुरांची एक यादी असे. प्रत्येक मजकुरास क्रमांक दिलेला असे. तार करणारानें तो क्रमांक लिहून दिला कीं पलीकडे पूर्ण वाक्य पोंचे. भारतांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. परंतु त्या यादीमागील तत्त्व संगणकाच्या भाषांत आजही नांदत आहे. जेथें निवड मोजक्याच गोष्टींतून करावयाची असते, तेथें मनास येईल तो मजकूर न लिहितां यादींतील खूणच वापरावी, हें तें तत्त्व होय.

गिडो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पायथन भाषेंत अशा यादीस 'एनम' म्हणतात. २०१४ सालच्या ३.४ या आवृत्तीपासून ही सोय भाषेबरोबरच मिळूं लागली. तत्पूर्वीं हें काम बहुधा साध्या शब्दानें, म्हणजे 'स्ट्रिंग'नें, होई. पुष्कळ ठिकाणीं तें आजही तसेंच होतें. शब्द लिहावयास सोपा. फाइलींतून किंवा कळफलकावरून जें येतें तें शब्दरूपानेंच येतें. परंतु त्यांत एखादें अक्षर चुकलें तर भाषा होऊन हटकीत नाहीं. एनममध्यें नसलेली खूण वापरली तर मात्र ती तेथल्या तेथें अडविते.

मग फंक्शननें दोन्ही स्वीकारावीं काय? स्वीकारण्यास हरकत नाहीं. परंतु कसें स्वीकारावें यांतच खरी मेख आहे. श्रोत्यांनीं घरगुती हिशेबाचें उदाहरण घ्यावें. 'नोंदप्रकार' नांवाच्या एनममध्यें जमा व खर्च असे दोन सभासद आहेत, आणि 'जमा' व 'खर्च' हे शब्द हींच त्यांचीं मूल्यें आहेत. फंक्शनचा नियम असा : आलेला प्रकार एनममधील जमा असेल तर रक्कम मिळवावी, एरवीं वजा करावी. आतां कोणी सभासदाऐवजीं 'जमा' हा नुसता शब्द पाठविला. माणसाच्या दृष्टीनें अर्थ एकच. पण पायथनच्या दृष्टीनें साध्या एनमचा सभासद आणि त्याचें मूल्य असलेला शब्द हे समान नव्हेत. तुलना खोटी ठरते, आणि जे १०० रुपये मिळवावयाचे ते वजा होतात. प्रोग्राम थांबत नाहीं, सूचना येत नाहीं. शिल्लक मात्र २०० रुपयांनीं कमी निघते! 'येथें एनम द्यावा' असें फंक्शनच्या माथ्यावर लिहून ठेवल्यानेंही भागत नाहीं. कारण पायथन अशा प्रकारसूचना प्रोग्राम चालतांना स्वतः तपासून पाहत नाहीं.

यावरील उपाय सोपा आहे. एनमच्या नांवापुढें कंसांत मूल्य दिलें कीं त्या मूल्याचा सभासद हातीं येतो. आणि कंसांत सभासदच दिला तर तोच परत मिळतो. म्हणून फंक्शनच्या पहिल्या ओळींत आलेली वस्तु 'नोंदप्रकार'च्या कंसांतून काढून घ्यावी. शब्द येवो वा खूण येवो, पुढें जाते ती खूणच. यादीबाहेरचा शब्द आला तर 'व्हॅल्यूएरर' उद्भवतो आणि चूक दारांतच पकडली जाते. शब्दामागें एखादी मोकळी जागा राहिली असली तरी तो नाकारला जातो. ती आधीं छाटून घेणें इष्ट.

२०२२ सालच्या ३.११ या आवृत्तींत 'स्ट्रएनम' आला. त्याचे सभासद स्वतःच शब्द असल्यामुळें वरील तुलना खरी ठरते. तथापि 'जमा'च्या जागीं 'जम' असें आलें तर तें पूर्वींप्रमाणेंच मुकाट्यानें खर्चांत जाईल. तेव्हां स्ट्रएनम वापरला तरी दारावरील तपासणी टाळतां येत नाहीं.

तात्पर्य, देणाऱ्याच्या सोयीसाठीं उंबरठ्यावर दोन रूपें चालवून घ्यावीं. घरांत मात्र एकच रूप नांदूं द्यावें. सवलत आणि शिस्त यांचा मेळ असा बसतो.