तज्ज्ञ कुणाचा?

२०१३ साली शीळफाट्याजवळ इमारत कोसळली, ७४ माणसे गेली. अशा खटल्यांत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात अभियंता उभा राहतो. बिल्डरला असा तज्ज्ञ परवडतो. मेलेल्या मजुराच्या विधवेने तो कुठून आणायचा?

तज्ज्ञाचे मत कायदा ग्राह्य धरतो. पूर्वी पुरावा कायद्याचे कलम ४५ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ३९ आहे. पण ते मत न्यायालयावर बंधनकारक नाही. नुसता निष्कर्ष नको, त्याचा आधार आणि कारणे मांडा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच जयलाल खटल्यात बजावले. म्हणून विचारा : काँक्रीटचा नमुना काढून तपासला का? सळई किती गंजली होती?

अभियंता बांधवांनो, फी कुणीही देवो. साक्ष ढिगाऱ्याखालच्या सत्याचीच द्या, एवढेच आमचे सांगणे आहे.