शंभर लिटरचा जमाखर्च

११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी दुसऱ्या दिवशी पहाटे लातूर स्थानकात आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी. वृत्तपत्रांना हा आकडा फार मोठा वाटला. मात्र २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार होती. ती तोवर चार लाख झाली असे धरले, तर माणशी सव्वा लिटर पाणी आले. पुढे गाडीला पन्नास वाघिणी जोडल्या गेल्या, तेव्हा हाच हिस्सा सव्वासहा लिटर झाला. शहरी पाणीपुरवठ्याचा आपल्याकडील मापदंड माणशी रोज १३५ लिटरचा आहे. आकड्यांशी आयुष्यभर संबंध आलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या उन्हाळ्याचे गांभीर्य सांगण्यास एवढा भागाकार पुरेसा होता.

निवृत्तीपूर्वीची माझी शेवटची नेमणूक लातूरला होती. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावावे लागले. आम्ही राहत होतो त्या वसाहतीतील कूपनलिका एप्रिलच्या आरंभीच आटली. सार्वजनिक टँकर आठवड्यातून एकदा येई आणि दर घरामागे दोनशे लिटर पाणी मिळे. उरलेली गरज आठ घरांनी मिळून विकत घेतलेल्या टँकरमधून भागवायची. दोन्ही मिळून आम्हा चौघांच्या वाट्याला दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी येई. आम्ही त्यातही भाग्यवानच म्हणायचे. ज्यांच्या खिशात टँकरचे पैसे नव्हते, त्यांनी तो उन्हाळा कसा काढला हे रांगेतल्या घागरी सांगत होत्या.

आमच्या सौभाग्यवतींनी शंभर लिटरची वाटणी केली ती अशी : पिणे व स्वयंपाक वीस लिटर, चार आंघोळी चाळीस, कपडे वीस, भांडी बारा आणि हातपाय धुण्यासाठी आठ. शौचालयासाठी या वाटणीत एक थेंबही नव्हता. आंघोळ मोठ्या घमेल्यात उभे राहून करायची आणि साचलेले पाणी बादलीने शौचालयात न्यायचे. ते कमी पडले तर कपड्यांचे शेवटचे पाणी. फ्लशची जुनी टाकी एका वेळी दहा लिटर पाणी ओतते. घरातील चार माणसांनी दिवसातून तीन-तीन वेळा ती वापरली, तर आमचा सबंध दिवसाचा साठा तेथेच संपला असता. म्हणून मी आजही कोणाला पाणी वाचवण्याविषयी सांगू लागलो की दाढी करताना नळ बंद ठेवा, या सुप्रसिद्ध उपदेशापासून आरंभ करीत नाही. आधी फ्लशच्या टाकीकडे पाहा. ती बदलणे शक्य नसेल तर पाण्याने भरलेली, बूच लावलेली एक लिटरची बाटली तिच्यात उभी करून ठेवा. दर वेळी तेवढे पाणी वाचते.

भांड्यांच्या बारा लिटरचे श्रेय मात्र आमच्या घरी भांडी घासणाऱ्या मावशींचे. खरकटे आधी कोरडेच पुसून घ्यायचे, राखेने घासायचे, मग तीन पातेल्यांतून क्रमाने विसळायचे. पहिले पातेले गढूळ झाले की ते काढून टाकायचे, दुसरे पहिल्याच्या जागी यायचे आणि शेवटी फक्त एक नवे भरायचे. वाहत्या नळाखाली भांडी विसळण्याची सवय झालेल्या घराला ही पद्धत आरंभी किळसवाणी वाटते. पण त्यांच्या वस्तीत नळच नव्हता, त्यामुळे ही विद्या त्यांच्याकडे आधीपासून होती. त्यांच्या वस्तीत टँकर यायचा त्या दिवशी आम्ही त्यांना पगारी सुट्टी देत असू. दुष्काळात घरकामाच्या बाईने पहाटे तीनपासून स्वतःच्या पाण्यासाठी उभे राहावे आणि आठ वाजता आमच्या पाण्याशी झटावे, हे काही हिशेबात बसणारे नव्हते.

आपल्या घरांतील काही जुन्या चालीरीती या काळात नव्याने उमगल्या. माझ्या मातोश्री जेवण झाल्यावर ताट थोड्या पाण्याने धुऊन ते पाणी पिऊन टाकीत. लहानपणी आम्हांस त्याचे हसू येई. पाणी दुहेरी कापडातून गाळून घेणे आणि गाळलेली जिवाणी मूळ जलाशयात परत सोडणे, ही तर घराघरांतील रीत होती. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात प्रयोजनावाचून पाणी सांडणे हे प्रमादचर्येत गणले आहे, आणि त्याच रांगेत विनाकारण माती खणणे व वनस्पती तोडणेही आहे. तेथे पाण्याची टंचाई आहे की विपुलता, याचा विचारच नाही. धरण भरलेले असतानाही तो दोषच. पाणीपट्टी भरली म्हणजे सांडण्याचा अधिकार मिळाला, असे मानणाऱ्या आपल्या पिढीला हे थोडे जड जाते.

आता बागेविषयी. त्या घराला लहानसे अंगण होते. एक लिंबू, एक कढीपत्ता, जास्वंद, तुळस, गवती चहा, चाळीसएक कुंड्या आणि आधीच्या भाडेकरूने हौसेने लावलेली हिरवळ. एके दिवशी शेजारच्या गृहस्थांनी कुंपणावरून विचारलेच, “साहेब, माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही झाडांना घालता?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेली बादली दाखवली. तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेले पाणी आणि भांड्यांचे साबण नसलेले शेवटचे विसळण, एवढेच तिच्यात असे. दिवसाला सहा-सात लिटर. बागेला एकदा वापरून झालेलेच पाणी मिळेल, हा आमचा नियम होता.

सहा-सात लिटरमध्ये चाळीस कुंड्या जगत नाहीत. निवड करावी लागते, आणि बागेची हौस असणाऱ्याला ती क्लेशदायक होते. हिरवळ प्रथम सोडली. उथळ मुळांची आणि रोज पाणी मागणारी हिरवळ आपल्या पठारी हवेत एरवीही परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हंगामी फुलझाडे गेली. गुलाबांपैकी दोनच ठेवले. मोठी झाडे मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडायची नाहीत. कारण कुंडीतील सदाफुली पुढच्या पावसात पुन्हा येते, पण आठ वर्षांचा लिंबू वाळला तर आठ वर्षे जातात.

लिंबासाठी आम्ही मडक्याचा उपाय केला. कच्च्या भाजणीचे, न रंगवलेले पाच लिटरचे मडके बुंध्यापासून दीड हात अंतरावर गळ्यापर्यंत पुरले आणि वर झाकणी ठेवली. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपते, आणि गंमत अशी की भोवतालची माती ओली असेल तर झिरपणे मंदावते, कोरडी झाली की वाढते. म्हणजे झाड स्वतःच्या गरजेनुसार पाणी ओढून घेते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी कृषिग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे. आमचे मडके चार-पाच दिवस पुरे. झाकणी मात्र हवीच, नाही तर डासांची पैदास होते आणि तहानलेले जीव त्यात पडतात.

कुंड्यांना भिंतीच्या पूर्वेकडील सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवले. मातीची कुंडी दिसायला सुंदर, पण तिच्या अंगातून पाणी उडते. म्हणून ती मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवून मधल्या जागेत वाळू भरली. प्रत्येक कुंडीवर उसाच्या पाचटाचे किंवा वाळलेल्या पानांचे तीन-चार बोटे जाडीचे आच्छादन घातले. माझ्या अनुभवात सर्वाधिक फरक पडला तो या फुकटच्या पाचटाने. रोज पाणी मागणाऱ्या कुंड्या तिसऱ्या दिवसावर आल्या. वाळलेली पाने जाळणाऱ्यांना कोल्हापूरच्या प्रयोग परिवाराचे प्रा. श्री. अ. दाभोलकर यांचे लेखन वाचायला द्यावे. पालापाचोळा आणि घरातील ओला कचरा यांतून गच्चीवरही सुपीक माती कशी घडते, हे त्यांनी गणिताच्या प्राध्यापकाला साजेशा शिस्तीने दाखवून दिले आहे.

साबणाचे पाणी कुंड्यांना घालू नये. त्यातील क्षार साचतात आणि माती घट्ट होते. ते केळ, कर्दळ आणि अळू यांना चालते. आपल्या आजोळच्या घरी न्हाणीच्या मागे हीच झाडे का असत, याचे उत्तर त्यातच आहे. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणीही क्षारयुक्त असते. ते फरशी पुसायला ठीक, कुंडीला नित्य नको. आम्ही त्या तीन महिन्यांत ते यंत्रच बंद ठेवले होते. एक लिटर शुद्ध पाण्यासाठी दोन-तीन लिटर सोडून देणारे यंत्र शंभर लिटरच्या संसारात चालवणे शक्य नव्हते. तुरटी फिरवून, गाळून, उकळून पाणी प्यायलो.

साठवणीचे एक पथ्य सांगायचे राहिले. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. त्यामुळे टंचाईत पिंपे वाढतात तसे तापही वाढतात. पिंपावर घट्ट कापड बांधावे आणि आठवड्यातून एकदा ते रिकामे करून आतून घासावे. जीव जन्मूच न देणे हे औषध फवारून मारण्यापेक्षा आपल्याला अधिक मानवणारे आहे. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या परळातील पाणीही रोज बदलावे आणि जुने कुंडीत ओतावे.

त्या वर्षी सप्टेंबरअखेर धो धो पाऊस झाला आणि मांजरा भरले. महिनाभरात वसाहतीतील गाड्या पुन्हा नळीने धुतल्या जाऊ लागल्या. निवृत्तीनंतर गावी परतल्यावर मी पहिले काम केले ते गच्चीवरील पाणी अडवण्याचे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. सातशे मिलिमीटर पावसात तिच्यावर सुमारे ६५ हजार लिटर पाणी पडते, आणि गळती-बाष्पीभवन वजा जाता ५२ हजार हाती लागते. लातूरच्या त्या मापाने हे पाचशे वीस दिवसांचे पाणी होते. पाऊस निम्मा झाला तरी २६ हजार. एवढे साठवण्यास टाकी कोणाकडेच नसते. पाच हजार लिटरची एक टाकी भरून घ्यावी आणि उरलेले वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत किंवा कूपनलिकेत सोडावे.

पहिल्या एक-दोन सरींचे पाणी धूळ व पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते. ते बाहेर सोडता येईल अशी तोटी नळाला बसवून घ्यावी. गच्ची आणि पन्हळी मृगाच्या आधी झाडायच्या, असे सर्वजण सांगतात. मी हे काम होळीनंतर लगेच उरकतो आणि पन्हळीच्या तोंडांना जाळी लावतो. मे महिन्यापर्यंत थांबले तर पारव्यांनी तेथे घरटे केलेले असते, आणि अंडी दिसली की झाडणाऱ्याचा हात पुढे होत नाही.