संकटाच्या दिवसांत काय वाचावें?

देशावर, गांवावर किंवा घरावर एखादें संकट आलें म्हणजे मनुष्य प्रथम बातमीकडे धांव घेतो. यांत अस्वाभाविक असें कांहींच नाहीं. पुराचें पाणी कोठवर चढलें, सांथ कोणत्या पेठेंत शिरली, लढाई कोणत्या सीमेवर चालली आहे, हें ज्यास ठाऊक नाहीं तो आपल्या माणसांचें रक्षण तरी कसें करणार? म्हणून बातमीची निंदा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. जरूर तेवढी माहिती हातीं आल्यानंतरही आपण पुन्हां पुन्हां बातमीकडेच कां वळतों, आणि त्यामुळें आपल्या घराचें काय होतें, याचा विचार कुटुंबांतील कर्त्या माणसांनीं शांतपणें करावा, एवढ्यासाठींच हा लेखप्रपंच.

एके काळीं बातमीलाही काळवेळ होती. सकाळीं वर्तमानपत्र येई. वडील माणसें तें आधीं वाचीत, मग तें माजघरांत जाई, आणि दुपारपर्यंत त्याची घडी होऊन तें फळीवर पडे. पुढें नभोवाणी आली, तरी तिच्याही बातम्यांच्या वेळा ठरलेल्या असत. हल्लीं दूरचित्रवाणीवर बातम्या अहोरात्र चालतात आणि मोबाईलमुळें त्या थेट उशाशीं येऊन बसतात. नवें कांहीं घडलें नसलें तरी तेंच दृश्य दहा वेळां दाखविलें जातें, आणि दहाव्या वेळीं पाहणाऱ्यास तें दहावें संकट वाटतें. घरांतील लहान मुलांस बातमी कळत नाहीं. परंतु बातमी ऐकणाऱ्या मोठ्यांचे चेहरे त्यांस नेमके कळतात. अंथरुणास खिळलेल्या वृद्धांची स्थिति तर याहून कठीण. त्यांस बाहेर जाऊन कांहीं करतां येत नाहीं, आणि ‘तो आवाज जरा बंद करा’ असें म्हणण्याचाही संकोच वाटतो.

या बाबतींत अमेरिकेंत झालेली एक पाहणी लक्षांत घेण्यासारखी आहे. १५ एप्रिल २०१३ रोजीं बॉस्टन शहरीं मॅरेथॉन शर्यतीच्या वेळीं बाँबस्फोट झाले. त्यानंतर कांहीं आठवड्यांच्या आंत कॅलिफोर्निया विद्यापीठांतील संशोधकांनीं साडेचार हजारांहून अधिक लोकांच्या मनःस्थितीची चौकशी केली. जे प्रत्यक्ष स्फोटाच्या जागीं होते त्यांच्यापेक्षां, घरीं बसून रोज सहा किंवा त्याहून अधिक तास त्या घटनेच्या बातम्या पाहणाऱ्यांत तीव्र मानसिक ताण अधिक आढळला! मुळांतच भित्रा असलेला मनुष्य अधिक बातम्या पाहत असेल, असा आक्षेप कोणी घेईल, व तो अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. परंतु भित्र्या मनास बातम्यांच्या या माऱ्यानें धीर आला नाहीं, एवढें तरी त्यावरून उघड होतें.

असें कां व्हावें? आमच्या मतें याचें कारण असें आहे. संकट प्रत्यक्ष सोसणाऱ्यास त्याचा आरंभ दिसतो, भर दिसतो आणि बहुधा ओसरही दिसतो. शिवाय त्याच्या हातांस कांहींना कांहीं काम असतें. दुरून पाहणाऱ्याच्या वांट्यास मात्र केवळ तुकडे येतात. तुकड्यास शेवट नसतो. म्हणून मन पुढच्या तुकड्याची वाट पाहतें, तो आला कीं त्याच्या पुढच्याची. ग्रंथाची गोष्ट निराळी. त्यांतील दुःख कितीही दारुण असो, तें कोणीतरी आरंभापासून अखेरपर्यंत पाहिलेलें आणि सुसंगतपणें सांगितलेलें असतें. संकटालाही अखेर असते हा अनुभव बातमी देऊं शकत नाहीं. तो ग्रंथ देतो.

हें केवळ तर्काचें बोलणें नव्हे. ज्यांस बातमीवांचून राहणें अत्यंत कठीण होतें अशा माणसांचें उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवरच घडलेलें आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर झाला आणि दुसऱ्याच दिवशीं पहांटे काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांस पकडून अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यांत नेऊन ठेवण्यांत आलें. मौलाना आझाद, पंडित नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव आदि मंडळी तेथें होती. जगांत महायुद्ध चाललें होतें. देशांत चळवळीचा वणवा पेटला होता. आणि ज्या चळवळीची हांक आपण दिली तिचें पुढें काय झालें, हें कळण्यास आरंभीं या मंडळींना वर्तमानपत्रही मिळत नव्हतें.

अशा स्थितींत त्यांनीं ग्रंथांचा आधार घेतला. १९४४ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, पांच महिन्यांत, नेहरूंनीं आपला ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ तेथें लिहिला. त्याचीं हस्तलिखित पानें हजारांच्या घरांत गेलीं. आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली या विद्वान सोबत्यांशीं झालेल्या चर्चांचा आपणांस किती उपयोग झाला, हें त्यांनीं प्रस्तावनेंत कृतज्ञतेनें नमूद केलें आहे. बाहेर उद्यां काय होणार हें कळत नसतां त्यांनीं सिंधु नदीच्या कांठच्या प्राचीन संस्कृतीपासून आपल्या देशाचा शोध घेण्यास आरंभ केला. पांच हजार वर्षांचा पट डोळ्यांपुढें असला म्हणजे तुरुंगांतील एक दिवस किती लांब मानावयाचा, याचें माप आपोआप हातीं येतें.

त्याच किल्ल्यांतील मौलाना आझादांची गोष्ट अधिक हृदयद्रावक आहे. ते पहांटे उठून स्वतः चहा करीत आणि आपल्या एका विद्वान मित्रास पत्रें लिहीत. तीं पत्रें टपालांत पडणार नाहींत हें त्यांस ठाऊक होतें. तीं पुढें १९४६ सालीं ‘गुबार-ए-खातिर’ या नांवानें प्रसिद्ध झालीं, आणि त्यांत इतिहास, तत्त्वज्ञान, संगीत, इतकेंच काय, खोलींत घरटें बांधूं पाहणाऱ्या चिमण्या, हे सर्व विषय आहेत. १९४३ च्या आरंभीं त्यांच्या पत्नीचें, झुलेखा बेगमांचें, दुखणें कलकत्त्यास विकोपास गेलें. तोंपर्यंत किल्ल्यांत वर्तमानपत्र येऊं लागलें होतें. रोज दुपारीं तें घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याचीं पावलें वाजलीं कीं आज त्यांत काय असेल या विचारानें आझादांच्या छातींत धडधड सुरू होई. परंतु त्यांची बैठक दाराकडे पाठ करून होती. अधिकारी समोर येईपर्यंत ते चेहरा सांवरीत, हंसून पत्र मेजावर ठेवावयास सांगत आणि जणू कांहीं घाई नाहीं अशा रीतीनें लिहीत राहत. ही सारी बाह्य शांति म्हणजे आपल्या अभिमानानें केलेलें एक सोंग होतें, असें त्यांनींच पुढें प्रांजळपणें लिहून ठेवलें. ९ एप्रिल १९४३ रोजीं ती बातमी आली. ज्या सरकारानें आपणांस कोंडलें त्याच्यापाशीं भेटीची याचना न करण्याचा त्यांचा निश्चय अखेरपर्यंत टिकला होता. पत्नीची भेट झाली नाहीं.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम विस्तारानें सांगितली. ग्रंथ जवळ असले म्हणजे दुःख होत नाहीं, असें खोटें आश्वासन आम्हांस द्यावयाचें नाहीं. ज्या बातमीचा आपल्या जिवलगाशीं संबंध आहे ती बातमी छातींत धडकी भरवणारच. परंतु बातमी दिवसांतून एकदां येत होती, आणि उरलेला दिवस कशानें तरी भरून काढावयाचा होता. तो दिवस आझादांनीं विद्येनें भरला. म्हणून मनुष्य उभा राहिला.

आतां कोणी म्हणेल, ‘हें सारें थोरांचें झालें. सामान्यांनीं संकटकाळीं कादंबऱ्या वाचीत बसणें म्हणजे कर्तव्यापासून पळ काढणें नव्हे काय?’ या शंकेस दुसऱ्या महायुद्धांतील सामान्य नागरिकांनींच उत्तर देऊन ठेवलें आहे. सप्टेंबर १९४० मध्यें लंडनवर बाँबवर्षाव सुरू झाला, त्यांत शहराच्या पूर्व भागांतील बेथनल ग्रीन येथील सार्वजनिक ग्रंथालय बाँबखालीं सांपडलें. तेथील ग्रंथपालांनीं हात टेकले नाहींत. भुयारी रेल्वेच्या एका अपुऱ्या राहिलेल्या स्थानकांत हजारों लोक रात्रीं आसऱ्यास येत; त्या पाताळांत त्यांनीं सुमारें चार हजार पुस्तकांचें ग्रंथालय थाटलें. दिवसभर कारखान्यांत राबणारीं माणसें रात्रीं तेथून पुस्तक नेत आणि सकाळीं पुन्हां कामावर जात. यांस पळपुटे कोण म्हणेल?

रशियांतील लेनिनग्राड शहराची कथा याहून भयंकर आहे. ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत तें शहर वेढ्यांत होतें आणि लाखों माणसें उपासमारीनें मेलीं. लिदिया गिन्झबुर्ग या लेखिकेनें तो काळ त्याच शहरांत काढला. तिनें लिहून ठेवलें आहे कीं, त्या दिवसांत ज्यांच्या अंगांत वाचण्याइतकी शक्ति उरली होती तीं माणसें टॉल्स्टॉयची ‘युद्ध आणि शांति’ ही कादंबरी अधाशीपणें वाचीत. ती तिनें दिलेली कारणमीमांसा फार मार्मिक आहे. टॉल्स्टॉयनें वर्णिलेलें युद्ध खरें कीं खोटें, हें ते वाचक पाहत नव्हते. आपल्याला जें वाटत आहे, आपण ज्या रीतीनें वागत आहों, तें योग्य आहे कीं नाहीं, हें ते त्या ग्रंथावरून ताडून पाहत होते. बातमीनें वेढा कोठें आहे तें कळलें. आपण कोठें आहों तें ग्रंथानें कळलें.

आपल्या भाषेंतही असें एक पुस्तक आहे, आणि तें प्रत्येक घरीं असावें. कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या रायगडांतील, वरसई गांवचे विष्णुभट गोडसे हे १८५७ सालीं दक्षिणेच्या आशेनें उत्तर हिंदुस्थानांत गेले आणि बंडाच्या धामधुमींत सांपडले. झांशी इंग्रजांनीं घेतली तेव्हां ते त्याच शहरांत होते. कत्तल, जाळपोळ, लुटारू, उपास, सर्व कांहीं त्यांनीं पाहिलें. जवळचें द्रव्य गेलें. तरीही गंगाजलाची कावड घेऊन ते घरीं परत आले. हा वृत्तांत त्यांनीं १८८३ सालीं लिहिला व तो चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ मध्यें ‘माझा प्रवास’ या नांवानें प्रसिद्ध केला. ‘झांशी पडली’ ही बातमी दोन शब्दांची. पण त्या दोन शब्दांत एक भिक्षुक आईबापांच्या स्नानासाठीं गंगेचें पाणी सांभाळीत शेंकडों कोस चालला, ही गोष्ट येत नाहीं. संकटांत मनुष्य काय जपतो, हें कळावयास पुस्तकच उघडावें लागतें.

आपल्या घराण्यांतून ही गोष्ट पूर्वीं शिकवावी लागत नसे. चातुर्मासांत संध्याकाळीं ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लागे. एकानें वाचावें, बाकीच्यांनीं वाती वळतां वळतां किंवा भाजी निवडतां निवडतां ऐकावें, अशी चाल होती. श्रीधरस्वामींचे हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभीं झाले. तेव्हांपासून किती दुष्काळ, किती सांथी, किती राज्यक्रांत्या या महाराष्ट्रानें पाहिल्या! त्या सर्व काळांत संध्याकाळची पोथी घरोघर चालू राहिली. आणि २०२० सालच्या मार्चमध्यें, सांथीमुळें सर्व व्यवहार बंद पडले असतां, मुंबईंत कांहीं दिवस छापील वर्तमानपत्रें घरोघर आलींच नाहींत. ग्रंथालयेंही बंद होतीं. त्या वेळीं ज्या घरीं स्वतःचें पुस्तकांचें कपाट होतें, त्या घरास त्याची किंमत कळली.

म्हणून आमची सूचना साधी आहे. संकटाच्या दिवसांत घरांतील एकानें, आणि एकानेंच, सकाळीं व संध्याकाळीं ठराविक वेळीं बातम्या पाहाव्या, आणि जिच्यावरून घरांत कांहीं करावयास हवें तेवढीच गोष्ट इतरांस सांगावी. रात्रीचीं जेवणें उरकल्यावर अर्धा तास सर्वांनीं एकत्र बसावें व एक मोठें पुस्तक क्रमानें वाचावें. मोठें अशासाठीं कीं, तें एका रात्रींत संपूं नये. पोथी असो, प्रवासवर्णन असो, चरित्र असो वा कादंबरी असो. मात्र त्यांतील माणसें अशीं असावीं कीं, दुसऱ्या दिवशीं स्वयंपाकघरांत त्यांच्याविषयीं बोलणें निघावें. वाचावयाचें काम आळीपाळीनें करावें, आणि ज्यांची दृष्टि शाबूत आहे अशा आजीआजोबांसही त्यांत वगळूं नये. ज्यास दिवसभर कोणी कांहीं विचारीत नाहीं, त्याच्या आवाजाकडे सर्व घर कान देऊन बसलें, तर तेंही औषधच आहे.

अध्याय संपला कीं पानांत खूण घालून पुस्तक मिटावें. बाहेर काय चाललें आहे तें सकाळीं कळेलच. परंतु उद्यां रात्रीं या खुणेपासून पुढें वाचावयाचें आहे, हें घरांतील लहानांपासून थोरांपर्यंत सर्वांस ठाऊक असतें, आणि तेवढ्या भरंवशावर मुलांस झोंप लागते.