शेवटचं कडवं

बँकेच्या नोकरीत मी शेकड्यांनी कर्जप्रकरणं हाताळली. विहिरीची, बैलजोडीची, म्हशींची, पिठाच्या गिरणीची. काही बुडाली, बरीचशी फिटली. एक कर्ज मात्र असं आहे, की ते हप्ता न चुकता फिटलं आणि तरी माझ्या मनातल्या खतावणीत ते अजून थकीतच दिसतं.

१९९४ सालची गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडायचा होता. सुशिक्षित बेरोजगारांसाठीची पंतप्रधान रोजगार योजना आदल्या वर्षी, २ ऑक्टोबरला सुरू झाली होती आणि शाखेत अर्जांचा ढीग पडला होता. त्या ढिगात बी.कॉम. झालेल्या एका मुलाचा अर्ज होता. व्यवसायाच्या रकान्यात सुबक अक्षरात ‘ऑडिओ सेंटर’. सोबत कोटेशन : दोन डबल कॅसेट डेक, एक अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरची जोडी, कोऱ्या कॅसेट. कर्ज विभाग माझ्याकडे होता. मुलगा चुणचुणीत वाटला, मी शिफारस केली आणि दोन्ही डेक बँकेकडे तारण लागले.

त्या डेकवर नेमकं काय होणार, हा प्रश्न मला पडला नाही. पडला असता तरी उत्तर साऱ्या गावाला ठाऊक होतं. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून न्यायची, सिक्स्टी की नाइन्टी ते सांगायचं आणि चौथ्या दिवशी कॅसेट घेऊन यायची. अ बाजूला भावगीतं, ब बाजूला सिनेमा. जागा उरली तर दुकानदार आपल्या पसंतीचं एखादं गाणं वरकड म्हणून घालायचा. ‘हाय स्पीड’चं बटण दाबलं की अर्ध्या तासाची बाजू पंधरा मिनिटांत उतरायची, मात्र गायिकेच्या आवाजामागे पावसाची रिपरिप लागल्यासारखी खरखर यायची. कॉपीची कॉपी काढली की पाऊस वाढायचा.

तेव्हा मीही त्या दुकानाचं गिऱ्हाईक होतो, हे आधीच सांगून टाकतो. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे ही माझी यादी, सौ.ची वेगळी. अस्सल कॅसेटसाठी अकोला गाठावं लागे आणि तिथेही हवी ती मिळेलच असं नाही. कर्जाच्या विनियोगाची पाहणी करायला मी दुकानात गेलो, ‘विनियोग योग्य’ असा शेरा मारला आणि परत निघताना तयार झालेली माझी कॅसेट घेऊन आलो. पैसे दिले, एवढं प्रामाणिकपणे सांगतो.

पुढच्या वर्षी, जयंतीचा एप्रिल नुकताच सरला होता, आमचे एक खातेदार माझ्या टेबलाशी येऊन बसले. रिसोड रस्त्यावरच्या एका गावचे भीमगीतं गाणारे गायक. सगळे त्यांना बुवा म्हणत. गाणी स्वतः रचत, चाली स्वतः लावत आणि शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफत. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांत ‘वामन’ येतो, त्याच रीतीने. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादांची गाणी महाराष्ट्रभर कितीतरी गळ्यांनी गायली. कवी कोण हे ऐकणाऱ्याला कळायचं ते त्या नावावरूनच. बुवांची एक कॅसेट एका कंपनीने काढली होती. एकरकमी मानधन आणि वाटायला काही कॅसेट, एवढ्यावर सौदा मिटला होता.

“सायब, त्या पोराले मशिनी तुमच्या बँकेनंच देल्या ना?”

“हो.”

“मंग माह्या गान्याचं शेवटचं कडवं कुठं गेलं, ते तुमीच सांगा.”

पिशवीतून त्यांनी कॅसेट काढली. लेबलावर बॉलपेनने लिहिलं होतं, ‘भीमगीते मिक्स’. दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या आवडीची दोन गाणी सुरुवातीला घातली होती, त्यामुळे बाजू संपता संपता बुवांचं गाणं मध्येच तुटत होतं. फीत संपते तिथे नेमकं शेवटचं कडवं होतं. म्हणजे नाव.

मी बँकवाला. माझं मन पैशाकडे गेलं. म्हटलं, “बुवा, तुमचं नुकसान तर झालंच आहे. किती कॅसेट विकल्या त्याने, विचारू का?”

“पैशाचं मी कंपनीसंगं तवाच तोडलं,” ते म्हणाले. “पोट भरू द्या त्याले. पन नाव कायले कापता?”

मुलाला बोलावलं. तो आधी हसला, मग वरमला. दुसऱ्या दिवशी नाइन्टीच्या कॅसेटवर बुवांची सगळी गाणी अखेरपर्यंत उतरवून त्याने बुवांना भेट दिली. लेबलावर त्यांचं नाव वळणदार अक्षरात. बुवा खूश होऊन गेले. आपल्याच गाण्यांची आणखी एक बेकायदा प्रत मिळाल्याने तक्रारदाराचं समाधान झाल्याचं प्रकरण माझ्या पाहण्यात तेवढंच.

बेकायदा हा शब्द मी आज वापरतो आहे. त्या दिवशी माझ्या डोक्यात तो नव्हता. कॉपीराइट कायदा १९५७चा. नकली कॅसेट आणि व्हिडिओंचा सुळसुळाट झाल्यावर १९८४ साली तो कडक झाला : किमान सहा महिन्यांची कैद, किमान पन्नास हजारांचा दंड. माझ्या कर्जदाराचा अख्खा प्रकल्पच लाखाच्या आतला होता! त्याच दुरुस्तीने कॅसेटवर ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं आणि हक्काच्या मालकाचं नाव-पत्ता छापणं सक्तीचं केलं. कवीचं नाव छापा, असं त्या कलमात कुठे नव्हतं. गाणाऱ्याला कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क मिळाला तो १९९४च्या दुरुस्तीने, आणि ती अमलात आली १० मे १९९५ला. बुवा माझ्या टेबलाशी बसले, त्याच सुमारास. ना त्यांना पत्ता, ना मला.

आपल्याकडे हे भांडण जुनंच आहे. तुकोबांनी सालोमालोबद्दल केलेली तक्रार आठवावी. दुसऱ्याचे अभंग मोडून आपले म्हणून मिरवणाऱ्यांवर ते चिडले आहेत. अभंग कोणीही उतरवून घ्यावा, गावोगाव गावा, त्याला ना नव्हती. हरकत होती ती नाव बदलण्याला. छापखाना नसलेल्या काळातला तो कॉपीराइट कायदा समजा. त्यात नाव होतं, पैसा नव्हता. तबकडी आली आणि पैसा आला. पण तो आधी पोचला कंपनीकडे. १९६०च्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून लता मंगेशकर अडून बसल्या, तर एकदा मानधन घेतलं की गायकाचा हक्क संपला, असं महंमद रफींचं म्हणणं पडलं. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निर्मात्यासाठी मोबदला घेऊन केलेल्या सिनेमाच्या गाण्याचा पहिला मालक तो निर्माता. वेगळा करार नसेल तर गीतकार-संगीतकाराचा त्यावर हक्क नाही. लताबाईंसारखीला जिथे भांडावं लागलं, तिथे रिसोड रस्त्यावरच्या बुवांनी सौदा केला त्यात नवल काय?

कॅसेटचं राज्य संपलं आणि तेच भांडण संगणकात शिरलं. अमेरिकेत १९९९च्या जूनमध्ये शॉन फॅनिंग नावाच्या कॉलेजातल्या पोराने ‘नॅप्स्टर’ काढलं. एकाच्या संगणकातलं गाणं दुसऱ्याने उचलायचं, दुकानही नको आणि कोरी कॅसेटही नको. त्याच डिसेंबरात कंपन्या कोर्टात गेल्या, २००० साली ‘मेटॅलिका’ हा वाद्यवृंदही गेला आणि २००१च्या जुलैत नॅप्स्टर बंद पडलं. गाण्यांची देवाणघेवाण मात्र थांबली नाही. २००३ मध्ये कंपन्यांनी ऐकणाऱ्यांवरच दावे लावले. त्यात एक बारा वर्षांची मुलगी सापडली आणि तिच्या आईने दोन हजार डॉलर भरून प्रकरण मिटवलं. ही बातमी वाचली तेव्हा मी कपाटातल्या माझ्या निर्गुणी भजनांकडे एकवार पाहिलं.

आपल्याकडे नॅप्स्टर घरोघर पोचलं नाही. आलं ते मेमरी कार्ड. नखाएवढं ते कार्ड मोबाईलच्या दुकानात द्यायचं, दुकानदार संगणकाला जोडून त्यात पाचशे गाणी भरून द्यायचा. ऑडिओ सेंटरचा आमचा कर्जदार डेक विकून याच धंद्यात आला. कर्ज तर कधीच फिटलं होतं. शेवटचं कडवं आता तुटत नव्हतं, कारण जागेची कमतरताच उरली नव्हती. पण लेबलही उरलं नव्हतं. पाचशे गाणी ‘ट्रॅक एक’, ‘ट्रॅक दोन’ अशी एका रांगेत उभी, शाळेत हजेरीपट हरवल्यासारखी.

(जाता जाता, ज्यांच्या घरी लग्नकार्य आहे त्यांच्यासाठी : लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यांना आपल्या कायद्याने सूट दिली आहे. बँडवाल्याने निर्धास्त वाजवावं.)

२०१२ साली संसदेने कायदा पुन्हा बदलला. राज्यसभेत तेव्हा जावेद अख्तर होते आणि त्यांनी हा विषय लावून धरला होता. हक्क विकला तरी गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सोडवून घेता येणार नाही, असं ठरलं. थिएटरात सिनेमासोबत वाजणारं गाणं तेवढं त्यातून वगळलं. २१ जून २०१२पासून ते लागू आहे. बँकेच्या भाषेत सांगायचं तर वाटा अहस्तांतरणीय झाला. फार चांगलं झालं. पण वाटा मागायचा तर आधी गाणं कोणाचं, हे कुठेतरी लिहिलेलं हवं.

आता माझ्यावर आलेली वेळ सांगतो. माझी एक कादंबरी कित्येक वर्षं बाजारात मिळत नाही. चार वर्षांपूर्वी निवृत्त अधिकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मित्राने तिची पीडीएफ टाकली, वर ‘अभिनंदन!’ कोणीतरी ग्रंथालयातली प्रत पान न् पान स्कॅन केली होती. अठराव्या पानावर शिक्का आणि कडेला कोणाचा तरी अंगठा. मी संतापलो. तीन वर्षं पहाटे उठून लिहिलेली कादंबरी, तिचं हे मोल? मित्राला चार शब्द सुनवायला फोन उचलला आणि निर्गुणी भजनं आठवली. फोन खाली ठेवला. त्यानंतर महिनाभराने हिंगोलीच्या एका मुलीचं पत्र आलं, तीच पीडीएफ वाचून लिहिलेलं. इतकं बारकाईनं वाचणारं माणूस मला छापील आवृत्तीने दिलं नव्हतं. तिला उत्तर पाठवलं. प्रकाशकाला नवी आवृत्ती काढा म्हणून विचारलं, ते म्हणाले, “आता कोण घेणार? सगळ्यांकडे आहे.” राग पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही.

बुवा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची कॅसेट काढणारी कंपनीही उरली नाही. गेल्या उन्हाळ्यात मी पाटणी चौकातून येत होतो, तेव्हा आमच्या कर्जदाराने हाक मारली. तोही आता पन्नाशी ओलांडलेला. दुकान मुलगा बघतो. “साहेब, बसा. एक ऐकवतो.” त्याने मोबाईलवर यूट्यूब लावलं. खरखर सुरू झाली, तो ओळखीचा पाऊस, आणि त्यातून बुवांचा आवाज आला.

“आपल्याच डेकवरची आहे. ती खरखर मी कुठेही ओळखेन. तुम्ही मला बोलावून सांगितलं होतं ना, ती नाइन्टी.”

अस्सल कॅसेट आता कुठे असेल तर देव जाणे. उरली ती ही प्रत. कोणा तरुणाने घरातल्या कॅसेटवरून उतरवून वर चढवली होती, मागे बाबासाहेबांचा फोटो लावून. आम्ही दोघं बोललो नाही. गाणं शेवटपर्यंत ऐकलं. शेवटच्या कडव्यात नाव आलं, स्वच्छ, खणखणीत. मग मी चष्मा सारखा करून खालची ओळ वाचली. ‘गीत-संगीत : पारंपरिक’.

कर्जदाराने तिथल्या तिथे त्या तरुणाला निरोप टाकला. बुवांचं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा. जिल्ह्याच्या जागी आधी सवयीने अकोला लिहिलं होतं, ते मी वाशीम करायला लावलं. या गोष्टीला आता तीन महिने झाले आहेत. अजून उत्तर नाही. ऐकणाऱ्यांचा आकडा रोज थोडा थोडा वाढतो. जाता-येता तो मला दुकानाच्या दारातून बोटांनी खूण करून सांगतो.