एका टाक्यापुरता करंट

सोयाबीन फुलोऱ्यात आलं, कापसाला पाती लागली, की जिंतूर तालुक्यातल्या बोरीच्या शिवारात पाठीवरच्या बॅटरी पंपांची घरघर सुरू होते. बहुतेक पंपांत 12 व्होल्ट, 8 एएचची शिशाची सीलबंद बॅटरी असते. वजन जवळपास अडीच किलो, आणि तेही भरलेल्या टाकीखाली. हंगाम सरला की पंप कोपऱ्यात जातो तो थेट पुढच्या पावसाळ्यात निघतो. मधल्या काळात चार्जिंग झालं नाही तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ऐन फवारणीत बॅटरी मान टाकते. म्हणून तिच्या जागी लिथियम सेलचा पॅक बसवून घेण्याकडे कल वाढतोय. 18650 मापाचे, म्हणजे 18 मिमी जाड आणि 65 मिमी लांब असे 12 सेल लागतात. त्यांचं वजन अर्धा किलोच्या आसपास भरतं.

हे सेल एकमेकांना जोडायचे निकेलच्या पातळ पट्टीनं. तिथं सोल्डरिंग करू नये. पट्टी गरम होईपर्यंत सेलच्या टोकावर काही सेकंद उष्णता धरावी लागते. ती आत उतरते आणि सील किंवा पडदा दुखावते. स्पॉट वेल्डरचा टाका काही हजारांश सेकंदात बसतो. दोन तांब्याच्या पिना पट्टीवर दाबल्या, की करंट त्या सांध्यातून जातो, तेवढाच ठिपका वितळतो आणि हात लावावा तर सेल गार. अमेरिकेत एलिहू थॉमसन यांनी 1880 च्या दशकात या पद्धतीचं पेटंट घेतलं, तत्त्व आजही तेच आहे. विजेवर चालणारे ट्रान्सफॉर्मरचे वेल्डर मिळतात, पण गावातलं व्होल्टेज घडीत 230 तर घडीत 180. सकाळी पट्टीला भोक पाडणारं सेटिंग संध्याकाळी पट्टी चिकटवतही नाही. म्हणून बॅटरीवरचा, हातात मावणारा वेल्डर बरा.

आणि इथंच दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘बॅटरी किती एएचची देऊ?’

हिशेब मांडून पाहा. 0.15 मिमीच्या निकेल पट्टीला साधारण 1000 आंपियर, 10 मिलिसेकंद लागले असं धरू. 12 व्होल्टला एका टाक्याचे झाले 120 ज्यूल. 12 सेल, प्रत्येकाची दोन टोकं, टोकाला दोन दाब, म्हणजे 48 दाब. पूर्ण पॅकला सहा हजार ज्यूलसुद्धा लागत नाहीत. 8 एएचच्या नव्या बॅटरीत साडेतीन लाखांच्या आसपास ज्यूल असतात. कागदावर तिच्यात 60 पॅक व्हायला हवेत. प्रत्यक्षात तिच्यानं एक टाकाही धड बसत नाही. विहीर तुडुंब असली तरी अर्ध्या इंची पाइपातून शेत भिजत नाही, तसा हा प्रकार. बॅटरीतला हा पाइप म्हणजे तिचा अंतर्गत रोध, आणि तो मोजायचा मिलिओहममध्ये.

पंपातल्या त्या लहान सीलबंद बॅटरीचा रोध नवी असतानाच 20 ते 25 मिलिओहम असतो. चांगल्या कार बॅटरीचा 6 धरा. केबल, बोर्ड आणि पिना मिळून आणखी 6 मिलिओहम. म्हणजे कार बॅटरीवर करंट हजाराच्या वर जातो आणि लहान बॅटरीवर साडेचारशेवर अडकतो. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे सांध्यावर पोचणारी उष्णता जेमतेम पाचवा हिस्सा उरते. पट्टी दिसायला चिकटते, पण पकडीनं ओढली की सोललेल्या सालीसारखी निघते. चांगला टाका असेल तर पट्टी फाटते आणि निकेलचा ठिपका सेलवरच राहतो.

म्हणून लेबलवर सीसीए पाहावा. उणे 18 अंशांत बॅटरी 30 सेकंद किती आंपियर देईल, त्याचा हा आकडा. परभणी जिल्ह्यात उणे 18 कुणाच्या स्वप्नातही येत नाही, हे खरं. पण हा आकडा मोठा म्हणजे बॅटरीचा रोध कमी, आणि इथल्या उन्हाळ्यात क्षणभरासाठी ती त्याहून बरंच जास्त देते. घरातल्या इन्व्हर्टरची 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी पाहून अनेकांचा मोह होतो. तिच्या जाड प्लेटा तासन्‌तास पंखा चालवण्यासाठी असतात, झटका देण्यासाठी नाहीत. शिवाय ती उचलायची तर दोन माणसं लागतात. मग वेल्डर हातात मावून उपयोग काय? मोटारसायकलची बॅटरी अगदीच तोकडी.

बोरीसारख्या गावात खरी सोय दारातच उभी असते. ट्रॅक्टरची बॅटरी डिझेल इंजिन फिरवण्यासाठीच बनलेली, पातळ प्लेटांची. जुनी घ्यायची असेल तर सेल्फ मारताना तिच्यावर मल्टिमीटर धरायला सांगा. काटा 10 च्या खाली गेला नाही तर बॅटरी कामाची. 9.6 च्या खाली गेला तर ती भंगारात शोभेल. एक सावधगिरी मात्र बाळगा: स्वस्तातल्या वेल्डर बोर्डावरचे मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे स्विच, इतका करंट सोसतातच असं नाही. मॉस्फेट जळताना बहुधा शॉर्ट होतो. म्हणजे करंट थांबतच नाही आणि पट्टी लालभडक होते. बोर्डाची आंपियर मर्यादा आधी वाचा, आणि बॅटरीची तार एका झटक्यात सुटेल असा कनेक्टर बसवा. नुकत्याच चार्ज झालेल्या शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिच्या तोंडाशी ठिणगी पाडू नये.

केबलकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. 10 चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला 1.7 मिलिओहम. घरच्या वायरिंगच्या 2.5 चौरस मिमीच्या तारेचा जवळपास 7. उत्तम बॅटरी आणून तिला मीटरभर बारीक तार लावली की कमावलेला सगळा फायदा तारेत तापून जातो. हातभर, जाड आणि घट्ट लग केलेली केबल हवी.

वजन नको असेल तर ड्रोन आणि खेळण्यातल्या विमानांच्या लायपो बॅटऱ्या आहेत. तीन सेलची, 5000 एमएएचची बॅटरी अर्धा किलोही भरत नाही आणि रोध फारच कमी. बॅटरी किती करंट देईल ते सांगणारा लेबलवरचा ‘सी’चा आकडा मात्र सढळ हातानं छापलेला असतो, निम्मा धरून चाला. माझ्या मते पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यात 43 अंशांवर पारा असताना, ती ठेवणं हा धोका आहे. फुगलेली लायपो वापरू नये, आणि चार्जिंगला लावून जेवायला जाऊ नये. आणखी एक: बीएमएस, म्हणजे सेलचं रक्षण करणारा बोर्ड, बसवलेला तयार लिथियम पॅक वेल्डरला लावून पाहू नका. 30-40 आंपियरला कापायला बनवलेला तो बोर्ड पहिल्याच टाक्याला सप्लाय तोडतो.

पॅक तयार झाला की पंपासोबत आलेला जुना चार्जर गिऱ्हाइकाकडून काढून घ्यावा. 12 सेल चार-चारच्या तीन गटांत, एकापुढे एक जोडलेले असल्यानं या लिथियम पॅकला 12.6 व्होल्ट पुरेत. शिशाच्या बॅटरीचा चार्जर 14 च्या वर जातो, आणि ते अडवायला त्या पॅकमध्ये बीएमएसशिवाय दुसरं काही नसतं.