मोटार कां अडखळते?

आपल्या भंडारा जिल्ह्यांतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, लाखनी-साकोलीच्या बाजूस, तांदुळाच्या पोत्यांनीं लादलेले ट्रक नेहमीं दिसतात. अशा एखाद्या ट्रकच्या पुढें जाण्यासाठीं चालकानें ॲक्सिलरेटर दाबावा आणि नेमकी त्याच क्षणीं मोटार अडखळावी, यासारखें दुसरें संकट नाहीं. पेट्रोल-इंजेक्शनच्या जुन्या स्पोर्ट्स मोटारींत हा दोष पुष्कळदां आढळतो. त्याचें मूळ कसें शोधावें, हें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंजिनास तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि ठिणगी. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. ॲक्सिलरेटर दाबतांच झडप उघडून हवा एकदम आंत शिरते. त्या क्षणीं पेट्रोलही वाढलें नाहीं, तर मिश्रण विरळ होतें व इंजिन अडखळतें. जर्मनींतील बॉश कंपनीनें १९७४ सालच्या सुमारास आणलेल्या 'एल-जेट्रॉनिक' पद्धतींत याची सोय केलेली होती. आंत येणारी हवा एक फळी लोटते. ती किती लोटली गेली, हें विजेच्या इशाऱ्यानें एका पेटीस कळतें, आणि इंजेक्टर किती वेळ उघडे ठेवावयाचे तें ती पेटी ठरवते. १९७५ सालची 'डॅटसन २८० झेड' ही जपानी मोटार याच पद्धतीची होती.

मोटार अडखळूं लागली, कीं पुष्कळ लोक एकामागून एक महागडे भाग बदलीत सुटतात. त्यांत पैसा जातो व दोष तसाच राहतो. म्हणून पान्यास हात घालण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: मोटार अडखळते ती नेमकी केव्हां?

फक्त सकाळीं, इंजिन थंड असतांना अडखळत असेल, तर पाण्याची उष्णता सांगणारें उपकरण पाहावें. तें खोटा निरोप देत असेल, तर थंड इंजिनास लागणारें जादा पेट्रोल मिळत नाहीं.

ॲक्सिलरेटर ठराविक जागीं आला म्हणजेच अडखळत असेल, तर फळीखालची विद्युत्-पट्टी झिजली असावी. इंजिन बंद ठेवून विद्युत्-मापक जोडावा व फळी हातानें हळूहळू लोटावी. काटा सलग सरकला पाहिजे. एखाद्या जागीं तो दचकला, तर दोष तेथेंच आहे.

उभ्या जागीं सुरळीत, पण जोर लावतांच अडखळत असेल, तर दोन गोष्टी संभवतात. फळी व झडप यांमधील रबरी नळी भेगाळलेली असल्यास, जोर पडून इंजिन हललें कीं ती भेग उघडते आणि न मोजलेली हवा आंत घुसते. विदर्भाच्या कडक उन्हाळ्यांत रबर कडक होऊन भेगा पडतात, हें आपणांस सांगावयास नको. दुसरी गोष्ट म्हणजे ठिणगी. सिलिंडरांत दाब वाढला कीं दुबळी ठिणगी विझते. म्हणून प्लग व तारा आधीं पाहाव्या, त्यांत खर्चही थोडा.

चढावर किंवा वेगांत जोर ओसरत असेल, तर पेट्रोलचा दाब मोजावा. या पद्धतींत तो दर चौरस सेंटिमीटरास सुमारें अडीच ते तीन किलो असतो. तो घसरत असल्यास गाळणी तुंबलेली, पंप थकलेला किंवा टाकींत गंज साचलेला असतो.

आजच्या काळीं आणखी एक कारण लक्षांत घ्यावें. २०२५ सालीं भारतांतील पेट्रोलमध्यें सुमारें २० टक्के इथेनॉल मिसळलें जाऊं लागलें. इथेनॉलमध्यें प्राणवायु आधींच असतो. त्यास जळण्यास हवा कमी पुरते. ज्या जुन्या मोटारीस धुरांतील प्राणवायु मोजण्याचें साधन नाहीं, ती पूर्वीच्याच मापानें पेट्रोल देत राहते व मिश्रण किंचित् विरळ पडतें. शिवाय जुन्या रबरी नळ्यांस इथेनॉल मानवत नाहीं. त्या बदलून घेणें शहाणपणाचें.

विद्यार्थिमित्रांस एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. पेट्रोलच्या नळ्यांत इंजिन बंद केल्यावरही दाब शिल्लक असतो. गरम इंजिनाजवळ त्या उघडूं नयेत, आणि वडीलधाऱ्यांच्या किंवा जाणत्या कारागिराच्या देखरेखीवांचून त्यांस हातही लावूं नये. आपल्या जिल्ह्यांत गडेगांव येथें अशोक लेलँडचा कारखाना आहे. यंत्रांचे जाणते कारागीर येथें दूर शोधावे लागत नाहींत.

भंडाऱ्याचें पितळेचें भांडें घेणारा तें बोटानें वाजवून पाहतो; बद्द आवाज आला, कीं दुसरें मागतो. मोटारीच्या बाबतींतही तेंच करावें. आधीं ऐकावें, मग मोजावें, आणि एका वेळीं एकच भाग तपासावा. दोन भाग एकदम बदलले व मोटार सुधारली, तर बरें वाटेल खरें, पण दोष कोणता होता हें कधींच कळणार नाहीं; आणि तो पुन्हां आला म्हणजे आपण होतों तेथेंच असूं.