ट्यूलिपची थंडी, दोन फ्रीज आणि माझं गेलेलं एक वर्ष

गेली काही वर्षं फेब्रुवारी उजाडला की दिल्लीच्या शांतिपथावरच्या ट्यूलिपचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात, आणि त्यामागोमाग मला ठरलेला प्रश्न येतो: "दिल्लीत येतात तर पुण्यात का नाही? तू यातच पीएचडी करतेयस ना?"

करतेय. आणि खरं उत्तर असं आहे की पुण्यातही येतात. माझ्या हॉस्टेलच्या गच्चीवर कुंडीत आलेत. पण ते फूल पुण्यात "वाढवलं" असं म्हणायला मी कचरते. का, ते आज सांगते. तुमच्यापैकी ज्यांना येत्या वर्षात सिनॉप्सिस लिहायचाय त्यांनी विशेष लक्ष द्या, कारण विषय ट्यूलिपचा असला तरी मी ज्या खड्ड्यात पडले तो खड्डा भाताच्या, डासांच्या किंवा बॅक्टेरियाच्या प्रयोगातही तसाच असतो.

आधी एक काम करा. सप्टेंबरअखेर हॉलंडहून आलेला ट्यूलिपचा चांगला जाड कंद मिळाला, तर तो ब्लेडने उभा कापा. कांद्यासारखीच मांसल आवरणं दिसतील आणि मधोमध एक फिकट कोंब. तो भिंगाखाली किंवा साध्या डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली धरा. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, मधे तीन भागांचं स्त्रीकेसर, सगळं तयार! मिलिमीटरांच्या मापात, पण अख्खं फूल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीत मागे टेकून बसले होते. कारण माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं, "ट्यूलिपमध्ये फूल तयार होण्यासाठी थंडी आवश्यक असते." आणि हा कंद तर अजून थंडीत गेलाच नव्हता.

हे कसं, ते कळायला ट्यूलिपच्या गावाला जावं लागतं. आपल्याला ट्यूलिप म्हटलं की हॉलंड आठवतं, 'सिलसिला'तलं गाणं तिथल्या कोकेनहॉफच्या फुलांमध्ये चित्रित झालंय म्हणूनही असेल. पण रानटी ट्यूलिपचं माहेर मध्य आशियात, तिएन शान आणि पामीरच्या डोंगरउतारांवर. तिथे उन्हाळा कोरडा आणि कडक, हिवाळा बर्फाचा, आणि या दोघांच्या मधे वसंत जेमतेम. वसंत इतका आखूड असला की फूल बनवायला तेव्हा वेळ नसतो. म्हणून ट्यूलिप उन्हाळ्यात, वरची पानं वाळून गेल्यावर, जमिनीखाली गुपचूप पुढच्या वर्षीचं फूल बनवून ठेवतो. हिवाळाभर ते आत बसून राहतं. बर्फ वितळला की फक्त वर यायचं बाकी असतं.

म्हणजे ऊब ही ट्यूलिपची शत्रू नाहीच. फूल घडतं ते उबेतच, साधारण 17 ते 20 अंशांना. हॉलंडमध्ये जून-जुलैत कंद काढतात आणि साठवणीच्या खोलीत, मातीबाहेर, कोरड्यात हे काम होतं. 1920 च्या दशकात वाखेनिंगेनला ब्लाऊ नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी वेगवेगळ्या तापमानाला ठेवलेले कंद पुन्हापुन्हा कापून आत काय चाललंय ते बघत होते. आज जगभर नाताळात ट्यूलिप विकले जातात ते अशा कामाच्या जोरावर. फुलाच्या टप्प्यांना अक्षरांची नावं आहेत. स्त्रीकेसर तयार झालं की त्याला 'जी' अवस्था म्हणतात, आणि व्यापारी लोक कंद थंडीत टाकण्याआधी नमुन्याचे काही कंद कापून ही 'जी' आलीय का ते तपासतात.

मग थंडी कशाला लागते? दांड्यासाठी. थंडीत कंदातल्या स्टार्चची साखर होते, हॉर्मोन्सचा हिशोब बदलतो, सुप्तावस्था सुटते, आणि नंतर ऊब मिळाली की दांडा सरसर लांब होतो. थंडी कमी पडली तर पानं आखूड येतात आणि फूल पानांच्या बगलेतच अडकतं. कधी आतच वाळून जातं. थंडी जास्त झाली तर दांडा नको इतका लांब होऊन लवंडतो.

गव्हात थंडीमुळे कोंबाचं टोक पानांकडून फुलांकडे वळतं, त्याला व्हर्नलायझेशन म्हणतात. ट्यूलिपला हाच शब्द सर्रास लावतात, पण इथे घडणारी गोष्ट वेगळी आहे. तुम्ही म्हणाल, शब्दाचाच तर प्रश्न आहे! पण नाही हो. "थंडीमुळे फूल तयार होतं का" असा प्रश्न घेतला, तर तुम्ही फुलांची संख्या मोजाल. "थंडीमुळे दांडा लांबतो का" असं विचारलंत, तर दांड्याची लांबी, किती दिवसांत लांबला, आणि आतलं फूल जगलं की मेलं, हे मोजाल. माझी पहिल्या वर्षाची डेटाशीट पहिल्या प्रकारची होती. फूल आलं: हो किंवा नाही. बस्स. 'नाही'चे किमान तीन वेगवेगळे अर्थ होते, फूल घडलंच नाही, घडून मेलं, किंवा घडलं पण वर आलं नाही, आणि माझ्या रकान्यात तिघांनाही एकच शून्य.

आता उष्ण प्रदेशाची अडचण. कोरडा कंद 5 अंशांना ठेवला तर साधारण 9 ते 12 आठवडे, आणि मातीत मुळं धरून 9 अंशांना ठेवला तर 14 ते 16 आठवडे लागतात, जातीप्रमाणे मागेपुढे. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा 10-12 वर येतो, दुपारी परत 28-29 होतो. महाबळेश्वरची थंडी आपल्याला स्वेटर घालायला लावते, पण ट्यूलिपच्या दृष्टीने तो वसंतच. म्हणून थंडी फ्रीजमध्ये द्यायची आणि बाहेरची थंडी फक्त फूल वर येण्यापुरती वापरायची. दिल्लीतही मूळ युक्ती हीच आहे: कंद परदेशातून येतात, आत फूल तयार, आणि डिसेंबरच्या सुमारास लावून फेब्रुवारीत बहर. मी "पुण्यात वाढवलं" म्हणायला कचरते ते यासाठी. फूल हॉलंडच्या गोदामात घडलंय. मी फक्त दार उघडलं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की तुमचा प्रयोग तुम्ही कंद हातात घेतलात तेव्हा सुरू झालेला नसतो. तो कुठल्या तापमानाला किती दिवस होता, वाटेत थंडी खाऊन आलाय का, हे पुरवठादाराला लेखी विचारा. आणि आल्या दिवशी दहा कंद कापा. महागाचे कंद कापायला जीव होत नाही, माहितीय. तरी कापा.

आता डिझाइन. "पुण्यात ट्यूलिपला किती आठवडे थंडी द्यावी?" साधा प्रश्न. 1 ऑक्टोबरला सगळे कंद फ्रीजमध्ये, मग 6, 9, 12 आणि 15 आठवड्यांनी एकेक गट बाहेर काढून कुंडीत. किती सुटसुटीत! आता कॅलेंडर काढा. पहिला गट 12 नोव्हेंबरला बाहेर येतो, दुसरा 3 डिसेंबरला, तिसरा 24 डिसेंबरला आणि चौथा 14 जानेवारीला. नोव्हेंबरवाला गट अजून बऱ्यापैकी उबदार मातीत मुळं धरतो. 24 डिसेंबरवाल्याला वर्षातली उत्तम हवा मिळते. जानेवारीवाला फुलायला येतो तेव्हा ऊन तापायला लागलेलं असतं. निकालात 12 आठवडे सर्वोत्तम निघतील आणि 15 आठवड्यांचे दांडे आखूड. तुम्ही लिहाल, "12 आठवड्यांपेक्षा जास्त थंडी घातक." खरं तर घातक होतं ते फेब्रुवारीचं ऊन.

बरं, मग उलटं करू. सगळे एकाच दिवशी, 14 जानेवारीला लावू, आणि फ्रीजमध्ये टाकायच्या तारखा पुढेमागे ठेवू. आता 15 आठवडेवाले 1 ऑक्टोबरला आत गेले, 6 आठवडेवाले 3 डिसेंबरला. म्हणजे ते नऊ आठवडे बाहेर 20 अंशांना बसले. आणि तेवढ्या वेळात कंद काही झोपलेला नसतो! पाणी उडतं, फूल पुढे सरकतं, कधी कोंब बाहेर डोकावतो. आता 6 आठवड्यांचा गट वाईट निघाला तर दोष थंडीच्या कमतरतेचा की वाट बघण्याचा?

मी हे दोन्ही तक्ते घेऊन मॅडमकडे गेले आणि विचारलं, बरोबर कुठलं? त्या म्हणाल्या, "दोन्ही चूक. कुठल्या चुकीबरोबर राहायचं ते तू ठरव, आणि ते प्रबंधात लिही." ग्रोथ चेंबर मिळत असेल तर पहिली पद्धत घ्या, कुंड्या बाहेर न ठेवता कायम 17 अंशांना चेंबरमध्ये ठेवा, म्हणजे ऋतू कटाप. चेंबर नसेल तर दुसरी पद्धत बरी, पण तिच्यात नुसतं थांबलेल्या, अजिबात थंडी न मिळालेल्या कंदांचा गट हवाच, आणि लावणीच्या दिवशी प्रत्येक गटातले काही कंद कापून आतलं फूल जिवंत आहे का ते बघायचं. मी दुसरी घेतली. चेंबर आमच्याकडे आहे, पण त्याची रांग माझ्या फेलोशिपपेक्षा लांब आहे.

आणि आता तो फ्रीज. दोन वर्षांपूर्वी मी 5 आणि 9 अंशांची तुलना करत होते. 9 अंशांसाठी लॅबमधला बीओडी इन्क्युबेटर मिळाला. 5 अंशांसाठी डिपार्टमेंटच्या चहाच्या खोलीतला फ्रीज, वरचा कप्पा. दोन्हीकडे चाळीस-चाळीस कंद. जानेवारीत 9 अंशांचे बरे आले. 5 अंशांच्या बहुतेक सगळ्या कुंड्यांत पानं हिरवीगार आणि मधे कागदासारखी वाळलेली कळी. पी व्हॅल्यू तर अशी देखणी आली की मी स्क्रीनशॉट काढून ठेवला. निष्कर्षाचं वाक्यही तयार होतं: पुण्याच्या परिस्थितीत 5 अंशांची थंडी कळीला मारक.

मग एकदा चहा करायला गेले आणि त्या फ्रीजचा खालचा ड्रॉवर उघडला. दिवाळीत कुणीतरी आणलेली सफरचंदांची पेटी, निम्मी अजून तशीच. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो, आणि इथिलीनने ट्यूलिपची कळी कंदातच मरते हे जुनं ज्ञान आहे. फ्युजेरियम बुरशीने कुजलेले कंदही इथिलीन सोडतात; डच शेतकरी त्यांना 'आंबट' कंद म्हणतात आणि त्यासाठीच गोदामं सतत हवेशीर ठेवतात. मी हे वाचलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही असतं.

तुम्हाला वाटेल, चला, खरं कारण सापडलं. पण नाही सापडलं! सफरचंदांनी कळ्या मारल्या असं मी आजही ठामपणे म्हणू शकत नाही, जसं 5 अंशांनी मारल्या असंही म्हणू शकत नाही. 5 अंश, चहाची खोली, सफरचंदं, दिवसातून पन्नास वेळा उघडणारं दार, हे सगळं एकाच फ्रीजमध्ये एकत्र होतं. त्यातलं कुठलंही वेगळं करायची सोय माझ्या डिझाइनमध्येच नव्हती. मी चाळीस कंद मोजत होते, म्हणून मला वाटत होतं माझे चाळीस रेप्लिकेट आहेत. पण तापमान कंदाला दिलं नव्हतं, फ्रीजला दिलं होतं. फ्रीज एक. म्हणजे रेप्लिकेट एक. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये 'इकॉलॉजिकल मोनोग्राफ्स'मध्ये यावर लिहिलेला लेख अजून लोक एकमेकांना पाठवतात. तो सिनॉप्सिसच्या आधी वाचा. मी नंतर वाचला. कंदाचा प्रयोग वर्षातून एकदाच करता येतो, त्यामुळे "परत करून बघू" याचा अर्थ पुढचा ऑक्टोबर.

काही जण विचारतील, त्याच कुंडीतले कंद पुढच्या वर्षी का नाही वापरत? कारण ट्यूलिपचा कंद दरवर्षी संपतो. मूळ कंद फुलापायी झिजून जातो आणि त्याच्या पोटी लहान कंद तयार होतात. ते पोसायला पानं बरेच आठवडे थंड हवेत हिरवी राहावी लागतात. आपल्याकडे मार्चच्या उन्हात पानं लवकर पिवळी पडतात, कंद बारीक राहतात, आणि बारीक कंदाला पुढच्या वर्षी एकच पान येतं, फूल नाही. म्हणून उष्ण प्रदेशातले बागवाले ट्यूलिपला झेंडूसारखं एका हंगामाचं झाड समजतात. यातून वाट काढायची असेल तर संकरित जाती सोडून क्रीटमधला सॅक्सॅटिलिस किंवा इराणपासून पश्चिम हिमालयापर्यंत सापडणारा क्लुसियाना अशा कमी थंडीवर भागवणाऱ्या रानटी जातींकडे बघावं लागेल. कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या, मी भांडणार नाही.

या वर्षी माझ्याकडे चार छोटे फ्रीज आहेत, दोन जुन्या बाजारातून घेतलेले. दोन 5 अंशांना, दोन 9 ला. कुठला कशाला ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. पुढच्या वर्षी तापमानं अदलाबदल करणार. प्रत्येकात डेटा लॉगर आणि इथिलीन शोषायला पोटॅशियम परमँगनेटच्या पुड्या. दोन म्हणजे फार नाहीत, परीक्षक विचारतीलच, पण एकापेक्षा बरे. चारही दारांवर कागद चिकटवलाय: "आत खायचं काही ठेवू नये. फळं तर अजिबात नाही." काल एकाच्या खाली कुणीतरी पेनने लिहून गेलंय, "दूध चालेल का?"